यादीला तीट

"बाई, तुम्हीच सांगा, मला तोंडीत अकरा पडतील का कधी?"

प्रतीक्षा लोंढे स्टाफरूमच्या दारातूनच बोलत आत आली. सात वर्षांनी पाहत होते तिला, पण ओळखायला वेळ लागला नाही. दहावीत असतानाही ती अशीच यायची, आधी प्रश्न आणि मग नमस्कार. संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. खाली मैदानावर स्नेहसंमेलनाच्या लेझमाचा असा दणका चालला होता, की समोरच्याचं ऐकायला पुढं वाकावं लागत होतं.

"आधी बस," मी म्हणाले. "पाणी पी. कसले अकरा?"

"मराठीचे. दहावीच्या तोंडी परीक्षेचे."

कुठले अकरा ते मला लगेच कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पण चेहऱ्यावर काही दिसू न देण्याचा सराव मास्तरकीत आपोआप होतो. इचलकरंजीतल्या त्या शाळेत मी तोवर चोवीस वर्षं मराठी शिकवत होते. मगदूम बाई कडक, पण खऱ्या, अशी माझी गावात ख्याती होती, आणि खोटं कशाला बोलू, ती ख्याती मला दागिन्यासारखी प्रिय होती.

प्रतीक्षानं पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर एकेक मांडले. गुणपत्रक, बोर्डाकडून तेव्हा मागवलेली उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि एका मेलचा छापलेला कागद.

"हे बघा. मराठीत मला शंभरपैकी त्र्याऐंशी पडले होते. कमी वाटले म्हणून पप्पांनी छायाप्रत मागवली. लेखीत ऐंशीपैकी बहात्तर आहेत. म्हणजे तोंडीत वीसपैकी किती राहिले? अकरा. तेव्हा हेडसर म्हणाले, तोंडीचे गुण फेरतपासणीत येत नाहीत, सोडून दे. मी सोडलं. अकरावीला प्रवेश मिळाला, विषय संपला."

"मग आता कशाला उकरून काढतेस?"

"मी नाही बाई, त्यांनी उकरलंय."

'त्यांनी' म्हणजे देशातल्या एका बड्या व्यवस्थापन संस्थेनं. तिथं प्रवेश मिळाला की घराण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो असं लोक बोलतात, आणि ते फार खोटंही नाही. प्रतीक्षा सांगलीला इंजिनियर झाली होती. घरात पाठची दोन भावंडं, आई दुसऱ्याच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी, वडील यंत्रमागावर कामाला. घरात अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून ही पोरगी वर्षभर नगरपालिकेच्या वाचनालयात शटर उघडायच्या आधी जाऊन उभी राहायची. प्रवेश परीक्षेला देशभरातून दोन लाख मुलं बसली होती. शंभरातल्या नव्याण्णवांना तिनं मागं टाकलं होतं.

आणि तरी मुलाखतीच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

"कारण हे," तिनं मेलवर बोट ठेवलं. "त्यांचा एक तक्ता असतो. दहावीला ऐंशी टक्क्यांच्या वर असलं की इतके गुण, खाली असलं की तितके. बोर्ड आपले पाच चांगले विषय धरतं, हे सहाही धरतात. मला सहाशेपैकी चारशे अठ्ठ्याहत्तर आहेत. एकोणऐंशी पूर्णांक सदुसष्ट. दोन गुण कमी, बाई. फक्त दोन."

"दोन गुणांवरून नाव काढलं?"

"दोन गुणांवरून खालच्या रकान्यात गेले, आणि त्या रकान्यामुळं यादीबाहेर."

मी तो मेल वाचला. इंग्रजी असं गुळगुळीत, की त्यावरून माशीसुद्धा घसरावी. उमेदवाराच्या सातत्यपूर्ण शैक्षणिक कामगिरीला आम्ही महत्त्व देतो, वगैरे. बावीस वर्षांच्या मुलीनं काय करून दाखवलं ते समोर दिसत असताना, पंधराव्या वर्षी इचलकरंजीतल्या एका बाईनं तिला कवितेचे किती गुण दिले यावर हे लोक दार उघडायचं की नाही ते ठरवत होते. उंटावरून शेळ्या हाकणारे नुसते! ते गुण कसे पडतात हे त्यांनी एकदा येऊन बघायला हवं होतं. नको, न बघितलेलंच बरं.

"पण त्यांनी एक वाट ठेवलीय," प्रतीक्षा म्हणाली. "शाळेनं लिहून दिलं की नोंदीत चूक झाली, आणि त्याबरोबर मूळ यादीची साक्षांकित प्रत पाठवली, तर ते फेरविचार करणार आहेत. परवा संध्याकाळी पाचपर्यंत मुदत आहे. आणि चूक झालीय हे नक्की, बाई. एकोणीसचे अकरा झालेत. तुमचा नऊ आणि एक सारखाच दिसतो, आम्ही वर्गात हसायचो त्यावर."

ती आताही हसली. मीही हसल्यासारखं केलं.

"तुम्हाला आठवत नसेल, पण मला सगळं आठवतं," ती म्हणाली. "मी कविता म्हटली, तुम्ही परत म्हणायला लावलीत. म्हटलं काही चुकलं की काय. तर तुम्ही म्हणालात, चुकलं नाही गं, ऐकायला बरं वाटतं म्हणून."

मला आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होतं.

"बघते," मी म्हणाले. "यादी हेडसरांच्या कपाटात असेल. तू खाली थांब जरा. एकटीच आलीस?"

"पप्पा आलेत. पायरीवर बसलेत. आजची पाळी बुडवलीय त्यांनी." मग तिनं आवाज उतरवला. "वर येईनात. चिडलेत. म्हणतात, शाळेनं मुद्दाम केलंय, आपल्या गल्लीतल्या पोरांना असंच करतात. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायला निघाले होते काल. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण आमच्या बाई तशा नाहीत."

ती कागद तिथंच ठेवून गेली. मी ते नीट लावले, रुमालानं चष्मा पुसला, परत घातला, आणि मग उठले.

मुख्याध्यापक उपाध्ये सर निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस. टेबलावर तिळाच्या लाडवांचा डबा उघडा होता आणि सर एकेक तोंडात टाकत कसलीशी पत्रकं चाळत होते. मला बघून त्यांनी डबा पुढं सरकवला.

"या बाई, तिळगूळ घ्या, गोड बोला."

"सर, दोन हजार अकराची मराठी तोंडीची यादी हवी होती. दहावीची."

सरांनी लाडू गालात सरकवला. "का बरं?"

मी सांगितलं. प्रतीक्षा लोंढे, ती संस्था, दोन गुण, परवा पाच वाजेपर्यंतची मुदत. सर ऐकत होते आणि चावत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तिटेतली आहे का ती?"

आता हे सांगितलंच पाहिजे. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

तेव्हा प्रत्येक विषयाचे वीस गुण शाळेच्या हातात असायचे. भाषेला तोंडी परीक्षा. नावाला परीक्षा घ्यायची आणि वीसपैकी एकोणीस-वीस वाटून टाकायचे, ही सगळ्या गावाची रीत होती. दुसऱ्या शाळा वाटतात, आपण नाही वाटले तर आपलीच पोरं मागं पडतात, असं म्हणत सगळेच वाटत होते. दोन हजार दहा साली आमच्या चौसष्टच्या चौसष्ट पोरांना वीसपैकी वीस पडले. त्यात लेखीत पंधरा मिळवणारेही होते. मग विभागीय मंडळाकडून एक खरमरीत पत्र आलं, खुलासा करा म्हणून. तो खुलासा करताना उपाध्ये सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पुढच्या वर्षी याद्या भरायच्या आधी सरांनी आम्हा सगळ्या विषयशिक्षकांना बोलावलं. म्हणाले, "बाळ फार नटवलं की दृष्ट लागते. म्हणून आई काय करते? गालाला काजळाचा ठिपका लावते. तशी यादीला तीट लावा. चार-पाच जणांना दहा, अकरा, बारा देऊन टाका. यादी कशी खरी दिसते."

"कुणाला द्यायचे, सर?" विज्ञानाच्या मास्तरांनी विचारलं.

"ज्यांचं काही अडणार नाही त्यांना."

सगळे हसले. मीही हसले. तीट हा शब्द इतका गोजिरवाणा होता, की आपण काय करतोय ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं नाही असं म्हणणंही आता लबाडीचंच वाटतं. आलं होतं, पण शब्द गोड होता.

मधल्या सुट्टीत मी यादी भरायला बसले आणि तास सुरू व्हायच्या आत भरून मोकळी झाले. प्रत्येक नावाशी थांबायचं, आणि मनात विचारायचं, याचं कुणी विचारायला येईल का? आमच्या शिक्षण संस्थेच्या सचिवांची भाची त्या दिवशी लग्नाला बेळगावला गेली होती, तोंडीला आलीच नव्हती. तिला वीस. डॉक्टरांचा मुलगा तोंड उघडायला तयार नव्हता. त्याला वीस. लोंढे प्रतीक्षा महादेव या नावाशी आले तेव्हा मी विचार केला, हिचं लेखी उत्तमच जाणार, हिला काय फरक पडतो? फार तर डी.एड. करील. आणि वडील मागावर, तोंडी परीक्षा म्हणजे काय हे त्यांना कुठं ठाऊक असणार? मी अकरा लिहिले. पुढच्या नावाकडं गेले.

"हो सर," मी म्हणाले, "तिटेतलीच आहे."

सरांनी हात झटकले, किल्ली काढली, कपाट उघडलं. त्यांना यादी बरोबर सापडली. असल्या गोष्टी त्यांना नेहमीच बरोबर सापडायच्या. कार्बनवरची प्रत होती, कडेला थोडी विटलेली.

"सर, एक सुचतंय," मी घाईघाईनं म्हणाले. "पोरीला वाटतंय एकोणीसचे अकरा झाले. माझा नऊ खरंच एकासारखा दिसतो. तसंच लिहून देऊ या. नजरचुकीनं झालं म्हणू. खोटं तर खोटं, पण तिचं भलं होईल. आणि कुणाचं वाईटही होत नाही."

सरांनी यादी माझ्यासमोर फिरवली. आपल्याकडं गुण लिहायची पद्धत आहे, अंकी आणि अक्षरी. तिथं अंकी ११ होते आणि शेजारच्या रकान्यात अक्षरी, माझ्या वळणदार अक्षरात, 'अकरा'. 'ए' कुठं नाही, 'कोणीस' कुठं नाही. अकरा.

"आता?" सर म्हणाले.

मी यादीवरून खाली नजर फिरवली. वीस, वीस, एकोणीस, वीस, वीस. आणि मध्येच ते ठिपके. घस्ते सूरज, बारा. भंडारे पूनम, अकरा. लोंढे प्रतीक्षा, अकरा. शिकलगार रुबिना, दहा. हेगडे अमर, बारा. मी ते एकदा वाचले, परत वाचले, आणि मला शाळेच्या मागचा ओढा दिसला. त्यावरचा छोटा पूल, आणि पलीकडची पत्र्याच्या घरांची गल्ली. रोज सकाळी ही पाचही पोरं त्या पुलावरून यायची.

"सर," मी म्हणाले, "हे पाचही ओढ्यापलीकडचे आहेत."

"असतील."

"म्हणजे एकही अलीकडचा नाही."

"बाई, मी कुठं नावं दिली होती?" सर शांतपणे म्हणाले. "मी आकडा सांगितला. नावं तुम्ही निवडलीत."

खरं होतं. मी जात विचारली नव्हती, पत्ते काढले नव्हते, कुणावर राग धरला नव्हता. नुसतं, कोण विचारायला येणार नाही, एवढंच बघितलं होतं, आणि हात आपोआप पुलापलीकडं गेला होता. ठरवून केलं असतं तर निदान मला माझी ओळख तरी आधीच झाली असती. त्या क्षणी मला स्वतःच्या हाताची किळस आली. खडू लागलेली बोटं मी पदराला पुसत राहिले.

"मग खरं काय ते लिहू या," मी म्हणाले.

मला वाटलं सर ओरडतील, नाही म्हणतील, आणि मग मला निदान त्यांच्याशी भांडता येईल. पण त्यांनी ड्रॉवरमधून शाळेचा छापील लेटरहेड काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"लिहा. मी सही करतो, शिक्का मारतो. चार महिने राहिलेत माझे, काय करतील? पण बाई, एकीचं खरं लिहिलं की उरलेल्यांचं काय, हे कुणीतरी विचारणारच. पाच जणांचं विचारतील, मग साठ जणांचं विचारतील. मग तुमच्या आधीच्या याद्या. मग तुम्ही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्हाला उघडायची तर उघडा, मी हात धरणार नाही." आणि त्यांनी आणखी एक लाडू उचलला.

मी लेटरहेड घेऊन स्टाफरूममध्ये आले. तास सुरू होता, खोलीत कुणी नव्हतं. खाली लेझीम थांबलं होतं आणि कुणीतरी माईक तपासत होतं, हॅलो, हॅलो. मी तारीख घातली. विषय लिहिला, 'कु. प्रतीक्षा महादेव लोंढे हिच्या तोंडी परीक्षेच्या गुणांबाबत'. मग लिहिलं, 'महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की'.

त्या 'की'च्या पुढं माझं पेन सरकेना. चोवीस वर्षं मी पोरांना पत्रलेखन शिकवलं. मायना चुकला तर अर्धा गुण कापला. आणि आता मला एक साधं वाक्य लिहायला येत नव्हतं. 'सदर विद्यार्थिनीने तोंडी परीक्षा उत्तम दिली होती, तथापि मी तिला कमी गुण दिले.' एवढंच तर होतं. मी ते मनात दहा वेळा जुळवलं. नोकरी जाईल, बोभाटा होईल, याची भीती वाटत नव्हती असं नाही. पण खरं अडलं होतं ते दुसरीकडंच. तो कागद हातात पडल्यावर प्रतीक्षा माझ्याकडं कशी बघेल, हे मला डोळ्यांसमोर येत होतं. ती आपल्या बापाशी माझ्यासाठी भांडून आली होती.

दारात चपला वाजल्या. मी लेटरहेडवर हजेरीपट ठेवला.

प्रतीक्षा होती, आणि तिच्यामागं तिचे वडील. महादेव लोंढे हा उंच, हाडकुळा माणूस. भुवयांत आणि मिशीत मागावरचे पांढरे तंतू अडकलेले. त्यांनी हात जोडले, पण मान वाकवली नाही.

"बाई, यादी गावली का?"

"सापडली."

"मग? काय लिवलंय त्यात?"

प्रतीक्षा हसतमुखानं माझ्याकडं बघत होती. तिला उत्तर ठाऊकच होतं. मी एकोणीस म्हणायचा अवकाश, ती पत्र घेऊन धावत सुटणार होती.

"अकराच आहेत," मी म्हणाले. "अंकी आणि अक्षरी, दोन्हीकडं."

तिचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं थोडा वेळ.

"अक्षरी पण अकरा?"

"हो."

"आन् तुमीच लिवल्यालं?" वडिलांनी विचारलं.

"मीच."

"बघ!" ते पोरीकडं वळले. "काय सांगत हुतो मी तुला? मुद्दाम केलंय ह्यांनी. बाई, राग मानू नका, पण मी आता गप बसणार न्हाई. ह्या पोरीनं घरात बसायला जागा नसताना कसा अभ्यास केलाया माझं मला म्हाईत. अर्ज टाकणार मी. समद्या पोरांचं मार्क काढणार. कुणाला किती दिलंसा ते बघू दे की जगाला."

"पप्पा, थांबा," प्रतीक्षा म्हणाली. मग माझ्याकडं वळली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाई, तुम्ही दिलेत म्हणजे काहीतरी असणार. काय झालं होतं?"

हीच ती वेळ होती. खरं बोलायला आणखी वेगळी वेळ येत नसते. हजेरीपटाखाली तो कागद होता, 'की'पर्यंत लिहिलेला. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातून इतकं सहज आलं, जसं काही ते तिथं आधीपासूनच तयार होतं.

"कविता म्हणताना तू अडखळलीस, प्रतीक्षा. दुसऱ्या कडव्यात. मी परत म्हणायला लावली, तरी परत तिथंच अडलीस. मी तुला बरं वाटावं म्हणून ऐकायला छान वाटतं म्हणाले. पण गुण देताना मला तसं करता येत नाही. तुला माहीत आहे माझं."

खाली माईकवर कुणीतरी एक-दोन-तीन म्हणत होतं. ती आठवायचा प्रयत्न करत होती, भुवया आखडून, पंधरा वर्षांची असताना करायची तशीच. आणि मग जे झालं ते माझ्या नजरेसमोरून अजून हलत नाही. तिला आठवलं.

"हां," ती हळू म्हणाली. "त्या आठवड्यात मला सर्दी होती. घसा बसला होता. असेल. दुसऱ्या कडव्यात ना? असेल, बाई. मी ते विसरलेच होते."

सर्दी नव्हती. घसा बसला नव्हता. त्या दिवशी तिचा आवाज असा खणखणीत लागला होता की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी आली होती. ती आठवण तिच्याकडं सात वर्षं जशीच्या तशी होती. मी ती तिच्या हातातून काढून घेतली, आणि त्या जागी तिनं माझी खोटी आठवण आपणहून ठेवली, कारण मी सांगत होते. मी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

महादेव लोंढ्यांचा आवेश ओसरला होता. ते लेकीकडं बघत होते.

"अडलीस? तू?"

"असेल पप्पा."

"घरात तर घडाघडा म्हणायचीस की गं. आमच्या डोस्क्याला ताप करायचीस. आन् हितं येऊन अडलीस?"

"आता काय करू मग?"

"काय करू म्हंजे? दोन मार्कासाठी आयुष्य गेलं की तुझं! सात वरसं मी मास्तर लोकास्नी शिव्या घालतुया, गल्लीत सांगत सुटलुया, आमच्या पोरीवर अन्याव झाला म्हणून. आन् चूक तुझी व्हती व्हय? एक कविता धड म्हणायला ईना तुला?"

ते लेकीवर ओरडत होते. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा. कारण प्रतीक्षानं दचकून वर बघितलं, आणि मग मान खाली घातली. तिनं टेबलावरचे कागद गोळा करायला सुरुवात केली. गुणपत्रक, छायाप्रत, मेल. मेलचा कागद तिनं चार घड्या घालून अगदी लहान केला. मी हात पुढं करून तिला थांबवू शकत होते. हजेरीपट उचलायचा, एवढंच काम होतं. माझे दोन्ही हात हजेरीपटावर होते आणि मी तो दाबून धरला होता.

"सॉरी बाई," ती म्हणाली. "तुमचा वेळ घेतला उगाच."

मी 'असू दे' म्हणाले. खरंच म्हणाले.

ती दाराबाहेर गेली. वडील मात्र रेंगाळले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली, आणि आता त्यांची मानही वाकली.

"बाई, मी काय बाय बोललो, त्ये पोटात घाला. अडाणी मानूस हाय मी. पोरीची माया, दुसरं काय. अर्जाचं बी मी मनात ठेवत न्हाई आता." ते आणखी जवळ आले. "एक इचारू का? येवढी दोन-दोनदा अडली म्हंजे तिला पाच-सातच पडायचं की. अकरा बी तुमी मायेनंच दिलंसा म्हणायचं, न्हवं का?"

उत्तराची वाट बघत ते तसेच हात जोडून उभे राहिले.

"हो," मी म्हणाले.